थांब्यावरचा सोफा

फाटलेल्या सोफ्याच्या पोटात काय काय सापडतं ते सोफाताईंना विचारावं. कंगवे, किल्ल्या, चष्म्याच्या काड्या, एकदा तर चक्क एका आजोबांची कवळी. आजोबांनी ती धुऊन पुन्हा वापरायला घेतली, हा किस्सा सांगताना सोफाताई अजूनही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात.

चढावरच्या रस्त्याला त्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत त्यांचा नवरा लाकडाचे सांगाडे दुरुस्त करतो, मागच्या खोलीत सोफाताई स्प्रिंगा बांधतात, फोम कापतात, कापड ताणून बारीक खिळे ठोकतात. खिळे ओठांत धरून काम करायची त्यांना सवय. म्हणून त्या कमी बोलतात असं मात्र कुणी समजू नये. खिळे सांभाळून कसं बोलायचं हे त्या सासऱ्यांकडून सोफ्याच्या कामाबरोबरच शिकल्या. नवरा मात्र तोंडात काही नसतानाही गप्प असतो.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर, आणि घरात सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, कानाने जरा कमी, जिभेने अजिबात कमी नाहीत. दर आठवड्याला त्या दुकानासमोरच्या थांब्यावरून बस धरून गावाच्या दुसऱ्या टोकाला जात. तिथे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण राहते. दोघी पत्ते खेळत, एकमेकींवर लबाडीचा आरोप करत, कायमचं बोलणं तोडत, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पत्ते पिसायला बसत.

मग रस्ता रुंद झाला. कडेची झाडं गेली, गाड्या सुसाट जायला लागल्या, आणि एके दिवशी बसही बंद झाली. प्रवासी मिळत नाहीत, असं वाहतूक कार्यालयाचं म्हणणं. थांब्याचा खांब तेवढा उभा राहिला. बस उभी राहायची त्या जागेत आता दुसऱ्याच गाड्या उभ्या राहू लागल्या. कुणाच्या? तर दोन दुकानं सोडून जे टायरचं दुकान आहे त्याच्या गिऱ्हाइकांच्या. ते दुकान सोफाताईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे टायरशेठ म्हणतात. त्यामुळे तक्रार करायची तर ती माहेरच्याच माणसाविरुद्ध, असा पेच.

सोफाताईंनी अर्ज केला, कार्यालयात दोन चकरा मारल्या, आणि "बघू" हा शब्द ऐकून परत आल्या. तेवढ्यावर कदाचित विषय संपलाही असता. पण सासूबाईंना मैत्रिणीची आठवण गप्प बसू देईना. एका सकाळी कुणालाही न सांगता त्या पायीच निघाल्या. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं तोच एक गाडी इतक्या जवळून गेली, की हातातली छत्री ओढली जाऊन चाकाखाली चिरडली. ब्रेकचा आवाज ऐकून सोफाताई कात्री हातात घेऊन तशाच धावल्या. सासूबाई कडेच्या दगडावर बसल्या होत्या.

"आई, लागलं का कुठे?"

"मला काही झालेलं नाही. छत्री गेली. चांगली छत्री होती गं."

सोफाताईंनी त्यांना उठवायला हात दिला. सासूबाईंनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि म्हणाल्या, "आता तू जरा बस माझ्याशेजारी."

बसायला जागा कुठे होती? एकच दगड. तो दगड बघता बघता सोफाताईंच्या डोक्यात कल्पना आली असावी, कारण त्याच दुपारी त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, तो हिरवा तीन माणसांचा पडून आहे ना, त्याला जरा हात लावा."

हिरवा सोफा त्यांनी कधीतरी नमुना म्हणून स्वतःच केला होता. नवऱ्याने एकदाच विचारलं, "कुठे न्यायचा?" उत्तर ऐकून त्याने आईकडे बघितलं, आईने मान डोलावली, आणि नवराबायकोने मिळून तो सोफा बाहेर काढून थांब्याच्या खांबाशेजारी ठेवला. सासूबाई मधोमध बसल्या. सोफाताई एका बाजूला गादीचं शिवणकाम घेऊन बसल्या.

पहिला येणारा जाणारा म्हणजे समोरचा न्हावी. "काय हो आजी, काय चाललंय?"

"बसची वाट बघतोय."

"पण बस तर बंद झाली ना?"

"म्हणून तर बघत बसावं लागतंय," सासूबाई म्हणाल्या. "चालू असती तर एव्हाना बसून गेले नसते का?"

न्हाव्याकडे एखादी गोष्ट सांगितली की वेगळी दवंडी पिटायची गरज नसते. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बसायला रांग लागली. ड्यूटी संपवून पायी घरी जाणारी नर्स येऊन बसली. निवृत्त भूगोल मास्तर घरातून खुर्ची घेऊन आले. कुणी वाटाणे सोलायला आणले, कुणी विणकाम. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती ती घडली. रस्त्याच्या कडेला हिरवा सोफा आणि त्यावर मांडी घालून बसलेल्या आजीबाई बघायला प्रत्येक गाडीवाला वेग कमी करू लागला. जे काम पाट्यांनी झालं नव्हतं ते आजीबाईंनी वाटाणे सोलता सोलता केलं.

टायरशेठचं डोकं मात्र तापलं. तो तरातरा चालत आला.

"ताई, हा काय तमाशा मांडलाय? माझ्या गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा राहिली नाही."

"ती जागा बसची आहे रे."

"बस आली की लोक गाड्या घरी ठेवणार. टायर झिजणार नाहीत. मी मग काय करू, माशा मारू?"

सोफाताईंनी ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले. "बसला काय टायर नसतात? ट्रकच्या टायरएवढे असतात. जरा कार्यालयात जाऊन बोल की. माझ्याशी भांडण्यापेक्षा ते बरं."

बसलेली मंडळी हसली. टायरशेठ लाल झाला आणि पाय आपटत गेला. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन फिरवलं त्याला चारचौघांत बोलल्याचं सोफाताईंना रात्रभर लागून राहिलं. सकाळी त्या भावाच्या घरी गेल्या, वहिनीने केलेलं सरबत प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. सोफ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघताना भाऊ दारापर्यंत आला एवढं पुरेसं होतं.

आठवडाभरात वाहतूक कार्यालयाचे साहेब आले. सार्वजनिक जागेत घरगुती सामान ठेवल्याची कुणीतरी तक्रार केली होती. कुणी, ते सांगायला नको. साहेब तसे भले गृहस्थ. घाम पुसत म्हणाले, "हे बघा बाई, मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. उचलायला ट्रक मागवलाय. तो आला की सोफा जाईल."

"येऊ दे की," सोफाताई म्हणाल्या. "तोवर उन्हात कशाला उभे राहता? बसा."

साहेब बसायचं टाळत होते, पण कमरेने त्यांचा पराभव केला. ते एका अंगावर रेलून बसलेत हे बघून सोफाताईंनी दुकानातून एक उशी आणून त्यांच्या पाठीशी सारली. साहेबांच्या तोंडून नकळत "आहा" निघालं. ट्रक काही येईना. फोन केला तर तो गर्दीत अडकलेला. आणखी थोड्या वेळाने फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, निघालोच. सासूबाईंनी साहेबांना पत्त्यांचा एक डाव खेळायला लावला आणि हरवलं.

शेवटी साहेबांना चहाची तल्लफ आली. चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे. साहेब कडेला जाऊन उभे राहिले. एक पाऊल टाकलं, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा मागे. त्यांचे दोन्ही पाय जणू एकमेकांना विचारून ठरवत होते. सोफ्यावरची सगळी मंडळी हातातली कामं सोडून बघत होती. अखेर सासूबाई उठल्या, त्यांनी साहेबांचा हात घट्ट धरला आणि दुसरा हात वाहतूक पोलिसासारखा वर केला. त्यांच्यामागे नर्स, मास्तर, न्हावी, सोफाताई, अशी मिरवणूकच निघाली. गाड्या थांबल्या. पलीकडे पोचल्यावर साहेब आधी ओशाळले आणि मग खदखदून हसले. त्यांचं हसणं बघून हॉर्न वाजवणारा एक गाडीवालाही हसायला लागला.

चहा पिता पिता साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही रोज असंच ओलांडता?"

"छे! मी कुठे रोज ओलांडते? भीती वाटते म्हणून घरातच बसते."

साहेबांनी कप खाली ठेवला. ट्रक आला तेव्हा त्यांनी तो रिकामाच परत पाठवला. वरिष्ठांशी बोलून त्यांनी दोन गोष्टी मंजूर करून आणल्या. थांब्यासमोर पांढरे पट्टे आणि वेग रोखणारा उंचवटा, आणि दोन महिने चाचणी म्हणून बस. "पण एक सांगतो," ते म्हणाले, "बस रिकामी धावली तर पुढे माझ्या हातात काही नाही."

"रिकामी?" मास्तर म्हणाले. "साहेब, लोक लटकत जातील!"

पहिल्या दिवशी बसला फुगे बांधले होते. टाळ्या झाल्या, फोटो झाले. चालक बाई हसतमुख, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. दार उघडलं, आणि आत चढल्या सासूबाई, नर्स आणि एक वाट चुकलेला पाहुणा. बाकीचे टाळ्या वाजवून आपापल्या स्कूटरवर बसून कामाला गेले. मास्तरांनासुद्धा त्यांच्या सुनेने गाडीतून बँकेत सोडलं.

सोफाताईंचा पारा चढला. त्या दुकानात येऊन नवऱ्यापुढे तणतणल्या, "बघितलंत ना? बस हवी, बस हवी म्हणून घसा कोरडा करणारे सगळे, आणि चढायच्या वेळी एकाचा पत्ता नाही!"

नवऱ्याने रंधा थांबवला. "तू का नाही चढलीस?"

खरंच की. उशांची ऑर्डर पोचवायला सोफाताई स्वतः सकाळी स्कूटर घेऊन गेल्या होत्या. अंगवळणीच पडलेलं ते. किल्ली हातात आली की पाय आपोआप स्कूटरकडे. त्या आधी चिडल्या, मग स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी स्कूटरची किल्ली सासूबाईंच्या हवाली केली. "आई, मी मागितली तरी देऊ नका." सासूबाईंनी ती कुठे ठेवली हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

त्या दिवसापासून सोफाताई बसनेच जाऊ लागल्या. फोमची भेंडोळी, कापडाचे तागे, उशांचे गठ्ठे सगळं बसमध्ये. एकदा नवरा आरामखुर्ची घेऊन चढला आणि गर्दी असल्यामुळे तीत बसूनच गेला. तिकीट एकाचं की दोघांचं यावर सबंध बसमध्ये चर्चा झाली. आणि येता जाता सोफाताई दारं ठोठावू लागल्या. भाषण नाही, उपदेश नाही. फक्त विचारायच्या, "उद्या बाजारात जाणार का? मग माझ्याबरोबर चल, गप्पा होतील." न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तेच सांगायचा, साबण लावलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. बसमध्ये ओळखी निघाल्या. नर्सला खोकल्याची औषधं विचारणारे इतके झाले, की ती पुढच्या दारातून चढून मागच्या दाराने पळायला लागली.

टायरशेठ हे सगळं दुकानाच्या दारातून बघत होता. चाचणीचे दिवस संपत आले तेव्हा एका सकाळी तो हातगाडीवर जुने टायर रचून आला. काहीही न बोलता त्याने ते बसच्या जागेच्या दोन्ही कडांना मांडले, त्यांत माती भरली आणि रोपं लावली.

"हे काय रे?" सोफाताईंनी विचारलं.

"काही नाही. आता इथे कुणाची गाडी शिरणार नाही." मग जरा थांबून म्हणाला, "बसची वाट बघणारे लोक दुकान बघतात माझं. काल त्यांतलेच दोघं टायर बघायला आले. आणि वहिनीला पण तुझ्याबरोबर यायचंय बाजारात, विचारलंय तिने."

"वहिनी माझी. तुझी बायको ती."

"तेच ते," असं म्हणून तो झारी आणायला पळाला.

बस कायम झाली. साहेब स्वतः सांगायला आले, तेही बसने, आणि पत्त्यांत पुन्हा हरून गेले. कार्यालयाने थांब्यावर छप्पर आणि बाक दिला, तेव्हा हिरवा सोफा पुन्हा दुकानात गेला. जिथे झाडं तोडली होती तिथे भूगोल मास्तरांनी मागे लागून नवी लावून घेतली. त्यांची काठीएवढी खोडं बघून सासूबाई म्हणतात, "माझ्या डोक्यावर सावली धरायला यांना घाई करावी लागेल." आणि खो खो हसतात. आता त्या आठवड्यातून दोनदा मैत्रिणीकडे जातात, म्हणजे भांडणंही दुप्पट झाली आहेत.

मध्यंतरी एका सुट्टीच्या दिवशी सोफाताई आणि त्यांचा नवरा दुकान बंद ठेवून बसमध्ये बसले. हातात गठ्ठा नाही, खुर्ची नाही. चालक बाईंनी आरशातून विचारलं, "आज काय पोचवायचं?"

"आज आम्हालाच," सोफाताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही त्या मार्गाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटच्या थांब्यावर बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक भिंत, बस वळायची जागा, आणि तिच्यामागे एक तळं. तळ्यात बदकं होती. दोघं काठावर बसले, डबा उघडला. चालक बाईही आपला डबा घेऊन आल्या. बदकं अगदी पायापर्यंत आली. नवऱ्याने पोळीचा तुकडा टाकला, मग आणखी एक, आणि मग तो बोलायला लागला. लहानपणी वडिलांबरोबर असंच एका तळ्यावर कसा जायचा, पोहायला कसा शिकला, कसा एकदा चपला सोडून घरी आला. सोफाताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चालक बाईंनी घड्याळ पाहिलं आणि बस सुरू करायला उठल्या, तरी तो बोलतच होता.