हँडब्रेकच्या आड आलेला तंबोरा

गेल्या मंगळवारी येरवड्याच्या चढावर माझी गाडी मागे जायला लागली. आज चार दिवस झाले तरी डोळे मिटले की तो आरसा दिसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते...

मी गाडी शिकले ती पंचेचाळिशी उलटल्यावर. लायसन्स मिळालं, भीती काही गेली नाही. चढ दिसला की मी दुसरा रस्ता शोधते. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवणं मला आजतागायत जमलेलं नाही, माझी सगळी भिस्त हँडब्रेकवर.

दुसरा आधार तंबोऱ्याचा. गाणं शिकते, त्यामुळे रियाझासाठी एक जुना छोटा म्युझिक प्लेअर आहे आणि त्यात तंबोऱ्याशिवाय काहीही नाही. तो गाडीत सुरू असला की मागून कुणी कितीही हॉर्न बडवो, माझा श्वास जागेवर राहतो. पण प्लेअर मांडीवरून घसरायचा, वायर गिअरमध्ये अडकायची. म्हटलं, दोन सीटच्या मधल्या कन्सोलमध्ये त्याला कायमची जागाच करू... डॉक म्हणतात तसं.

शोकेसचं उरलेलं प्लाय, वर काळा सनमायका, प्लेअरच्या मापाची खाच, मागे वायरीसाठी भोक. सगळं पार्किंगमध्ये बसून माझं मी केलं. हलू नये म्हणून एपॉक्सी जरा जास्तच लावलं. नवरा खाली येऊन बघून गेला आणि "बरं दिसतंय" म्हणाला. आमच्या शनिवार पेठेत याला पुरस्कार म्हणतात.

आता एक सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या एकामागे एक लागतात. त्यामुळे रिवाजच आहे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक लावायचा नाही, म्हणजे आतल्याला निघायचं असेल तर तो ढकलून वाट करू शकतो. मी डॉक बसवत होते तो सगळा वेळ हँडब्रेक खालीच होता. एकदा वर ओढून बघावा, हे काही डोक्यात आलं नाही.

मंगळवारी सासऱ्यांना डोळे तपासायला न्यायचं होतं. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय... वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, धक्का बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काळा चष्मा लावून ते शेजारी बसले. तंबोरा सुरू केला. सपाट रस्त्यावर तर मी जवळजवळ खूश होते.

पूल ओलांडला आणि ऐन चढावर ट्रॅफिक तुंबला. सवयीने हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला... आणि गाडी मागे निघाली.

"गाडी मागे चाललीय, की मलाच तसं दिसतंय?" अप्पा म्हणाले.

मी जीव खाऊन ब्रेक दाबला. हँडब्रेक पुन्हा ओढून बघितला. दांडा जेमतेम उचलला जात होता आणि माझ्या त्या सुबक डॉकच्या कडेला अडत होता. डॉक उपटायला गेले तर हलेना... एपॉक्सी मीच लावलेलं.

आरशात बघितलं. बंपरला जवळजवळ चिकटून एक स्कूटर, आणि स्कूटरवाल्याच्या पुढ्यात फूटबोर्डवर शाळेच्या ड्रेसमधली एक छोटी मुलगी उभी. मी पाय उचलला की गाडी त्यांच्यावर जाणार. पाय न उचलता पुढे कसं निघायचं, ते मला येत नव्हतं.

पुढच्या गाड्या हलल्या, मागे हॉर्नचा गदारोळ. गाडी पहिल्या गिअरमध्ये बंद करावी, हे आज सुचतंय... तेव्हा फक्त ती मुलगी दिसत होती.

"काच खाली कर आणि सांग त्यांना," अप्पा शांतपणे म्हणाले. "नुसतं आरशात बघून ते जायचे नाहीत."

पुण्यात भर रस्त्यावर काच खाली करून 'मला जमत नाहीये' म्हणणं चढापेक्षा अवघड. पण मी डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "दादा, हँडब्रेक लागत नाहीये! मुलीला घेऊन बाजूला व्हा!" क्लासमध्ये कधी लागला नाही तो वरचा सूर तेव्हा लागला.

आता टोमणा येणार, याची मला खात्री होती. पण माणूस हेल्मेट घातलेला होता, तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं की हा वेगळा आहे. त्याने स्कूटर कडेला घेतली, मुलीला फुटपाथवर उभं केलं, मागच्या गाड्यांना हात केला. खोदलेल्या फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक उचलून माझ्या मागच्या चाकाला लावला आणि खिडकीशी आला.

"ब्रेक सोडा सावकाश. टेकंल ती. घाबरू नका, मी हाय हितं."

सोडला. गाडी किंचित मागे आली, ब्लॉकला टेकली... आणि थांबली. मग कसाबसा क्लच, भरमसाट ॲक्सिलरेटर, आणि आम्ही चढाच्या वर. आरशात दिसलं, तो वाकून ब्लॉक रस्त्यातून बाजूला घेत होता आणि मुलगी दोन्ही कान दाबून उभी होती. थांबून आभार मानायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्याशी पोचल्यावर अप्पा म्हणाले, "आता तो तंबोरा बंद कर." म्हणजे तो सगळा वेळ वाजत होता. मला एक सूरही ऐकू आला नव्हता.

अप्पांचा डोळा ठीक आहे. परतताना नवऱ्याला बोलावून घेतलं. डॉक त्याच संध्याकाळी उपटला, कन्सोलचा टवका गेला तो गेला. मग हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला आणि तसाच ठेवला. सकाळी आतल्या गाडीवाले काका बेल वाजवून रागावून गेले.

हेल्मेटवाले दादा, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल असं नाही. "मी हाय हितं" म्हणालात ना... तंबोऱ्याकडून मला इतके दिवस एवढंच ऐकायचं होतं.