शेवंताबाईची कथा आणि आमची कात्री

चार लिहिणारे एका जागी बसले, की कथा कमी आणि किस्सेच जास्त होतात. आमचंही तसंच झालंय. सिंदेवाहीत रशीदभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात दर रविवारी आम्ही एकमेकांच्या कथा ऐकतो आणि कापतो. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, रशीदभाई, धानशेती करणारा देविदास आणि मी. किस्से हसण्यासारखेच आहेत, पण हल्ली सांगताना हसू येत नाही.

*

माझी पहिली कथा. सुरुवातीलाच दोन पानं जंगलाचं वर्णन! गर्द वनराई, सळसळती पानं, सगळं. गुरुजींनी मध्येच हात वर केला.

"जंगल आमाले रोजच दिसते बाबू. माणूस कुठी आहे?"

माणूस तिसऱ्या पानावर होता. तोही झोपलेला!

*

रशीदभाईंच्या कथेतला गुराखी म्हैस हरवल्यावर म्हणतो, "माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे!"

"हा गुराखी कोन्या गावचा?" गुरुजींनी विचारलं.

"इथलाच आहे ना गुरुजी. पुस्तकात जाऊन राह्यला, म्हणून इस्त्रीचे कपडे घातले!"

*

देविदासची बायको शेवंताबाई मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली आणि तिला वाघानं नेलं. कितीतरी रविवार तो आलाच नाही. आला तो तिच्यावरची कथा घेऊनच. 'नियतीचा क्रूर घाला', 'काळाची झडप', 'माझी अर्धांगिनी'... पानभर तेच. कोणाची कापायची हिंमत होईना. मी आपलं "छान आहे" म्हणालो.

देविदास भडकलाच. "छान काऊन म्हणता भाऊ? यात शेवंता कुठी दिसते? मले ती दिसली पाह्यजे. कापा ना!"

मग कापायला बसलो. नियती गेली, काळ गेला, अर्धांगिनी गेली. शेवटी नुसतं तिचं नाव उरलं. फार वाईट वाटलं. देविदास ते कागद घेऊन घरी गेला.

*

त्यानं ती पुन्हा लिहिली आणि शहरातल्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे दुकानातच होतो. स्पीकर चालू.

"कथा चांगली आहे हो. फक्त वाघाचा प्रसंग वाढवा. वाचकाला थरार हवा असतो!"

"साहेब, ते मी पाह्यलंच नाई," देविदास म्हणाला. "मले टोपली तेवढी सापडली."

रशीदभाईंनी मशीन थांबवली. संपादक म्हणाले, "मग कल्पना करा ना!"

देविदासनं फोन कापला.

*

गेल्या रविवारी तो नवी कथा घेऊन आला. जेमतेम दीड पान. शेवंता पहाटे उठते. कोंबड्यांवर ओरडते. टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाते. दुपारी भरली टोपली घेऊन घरी येते, फुलं अंगणात वाळत घालते. "लिहीतच बसा, भाजी करपून राह्यली!" असं नवऱ्याला सुनावते. मग दोघं जेवायला बसतात. संपली कथा.

गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"बाई दिसली रे देविदास, अगदी समोर दिसली. पण कथेत काई घडतच नाई ना बाबू."

"हो ना गुरुजी," देविदास म्हणाला. "काईच घडत नाई."

आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.