तापावर उबवलेली अंडी

अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीखाली हात घातला की मला सासूची वाकळ आठवते. जव्हारला राजाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. त्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मरी आली आणि बोडक्या मानेची आमची जुनी जात पाड्यापाड्यांतून संपली. आमची एकच उरली, अंड्यांवर बसलेली. तिलाही रानमांजरानं नेलं. पिल्लं निघायला चार दिवस होते. सासू तापानं फणफणून पडली होती. मी अंडी टाकायला निघाले तशी म्हणाली, "टाकतेस कुठं? आण इकडं. माझ्या अंगात एवढा ताप हाय, तो का वाया घालवू?" घामाचा, धुराचा वास मारणाऱ्या वाकळेत अंडी पोटाशी धरून ती पडून राहिली. कूस बदलायची तरी आधी मला हाक मारायची. मी नागलीची पेज पाजायची, ती एकेक अंडं कानाला लावून ऐकायची. चौथ्या दिवशी दुपारी वाकळेत चिवचिव झाली. मी धावत आले. तीन ओली पिल्लं तिच्या पोटाशी दडली होती, अन् पोट गार पडलं होतं. आज दारात त्याच बोडक्या मानेच्या कोंबड्या चरतात. अंडं हाताला ऊन-ऊन लागलं की वाटतं, म्हातारीचा ताप अजून उतरलेला नाही.