खाडीत सोडलेली तारा

ती मूर्ती मी आजही विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यात नवी वस्ती उभी राहत होती आणि मी तिथल्या पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. एके सकाळी बौद्ध विहारातले गुरुजी धापा टाकत आले. ज्या तारादेवीसमोर त्यांचा ध्यानवर्ग बसायचा, ती छोटी दगडी मूर्ती गायब!

दुपारपर्यंत ठाण्यासमोर वस्तीतल्या लोकांची ही गर्दी. "गाववाल्यांनीच नेली," असा ओरडा. तिकडे जुन्या आगरी गावातले लोकही काठ्या घेऊन नाक्यावर. ठिणगी पडायचाच अवकाश होता. जादा बंदोबस्त मागवला, पण तो येणार कधी?

खबऱ्याने टीप दिली. विहाराशेजारचा आगरी तरुण पहाटे पोतं घेऊन खाडीकडे गेला होता. त्याला उचलला, खूप विचारलं. पठ्ठ्या तोंड उघडेना, नुसता रडायचा. त्याचं नाव बाहेर फुटलं आणि खिडकीवर पहिला दगड आला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

इतक्यात हवालदार पोराच्या होडीचा पंचनामा करून आला. "साहेब, होडीत कुंकू सांडलंय. तांदूळ पन हायेत."

अहो, चोर कधी मालाची पूजा करतो का? कुंकू-तांदूळ म्हणजे देवीची ओटी, आणि ती भरायला सांगणार घरातली बाईच. मी पोराला हळूच विचारलं, "आईने सांगितलं होतं?" त्याने मान खाली घातली.

त्याच्या म्हाताऱ्या आईला बोलावलं. तिने येताच हात जोडले. "सायेब, माज्या पोराला सोरा. मीच सांगितला त्याला. सुनंचं दिवस भरलेत, न शेजारी नाक तुटलेली देवी! भंगलेली मूर्त बरी नाय. म्हनून वटी भरून खारीत सोरली."

गुरुजी तिथेच बसून ऐकत होते. मग म्हणाले, "आजी, आम्ही नाक बघतच नाही. तिचा एक पाय ध्यानात दुमडलेला, दुसरा खाली सोडलेला. कुणी हाक मारली की लगेच उठता यावं म्हणून. ध्यानाला बसताना आम्ही तेच मनात धरतो."

ओहोटीला मूर्ती चिखलात सापडली. गुरुजींनी तक्रार मागे घेतली आणि म्हातारीचा हात धरून तिला गर्दीसमोर नेलं, सगळं सांगितलं. म्हातारीला मात्र भलतीच काळजी. "मंग माज्या नातवाला काय व्हनार नाय ना?"

सकाळपासून सगळ्यात जोरात ओरडणारी बाई पुढे आली. "काय नाय होत, आजी. बाळंतपणाला मी येते."

पकडलेल्या माणसाला आधी 'कशाला भ्यालास?' असं विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो. ती बाई मात्र न विचारताच समजली होती.