वाळूत पुरलेली मेख

सोलापुराजवळच्या आमच्या गावात उंदीर पडू लागले आणि दोन दिवसांत सगळं गाव बाहेर निघालं. माळावरच्या घट्ट मुरमात ज्याने त्याने झोपड्या घातल्या. मी मात्र शाळेचं दप्तर कुलपात घालत बसलो. शहाणाच की नाही! उशिरा निघालो आणि आमच्या वाट्याला सीनेच्या पात्रातली वाळू आली.

बिऱ्हाड म्हणजे एक उसना छकडा आणि त्याच्या टपाला बांधलेलं पाल. बैल मालकाने परत नेले होते. छकड्यात पंधरा दिवसांची मुलगी आणि तिची आई. प्लेगच्या धांदलीत मुलीचं बारसंही राहून गेलं होतं.

दुपारी वारा सुटला. पालात वारा भरला की छकड्याचं एक चाक वाळूवरून उचललं जाई. पाल सोडावं, तर ऊन आणि वाळू थेट मुलीच्या नाकातोंडात. मी मेखा ठोकत होतो. दोरीला ताण बसला की त्या अलगद वर येत होत्या, मी पुन्हा ठोकत होतो आणि स्वतःवरच चरफडत होतो.

काठावर एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. तो थांबला.

"मास्तर, ठोकून काय व्हायचं न्हाय. वाळू हाय ती. मेखंच्या मदोमद दोरी बांदा, आडवी निजवा आन् हातभर खाली पुरा. लई वारं आलं तरी निगायची न्हाय."

'पुरा' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव," मी म्हणालो. बिचारा मेंढरं हाकत निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी आमचा पहिला मुलगा महिन्याचा होऊन गेला. तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत. याच नदीच्या वाळूत मी एकट्याने खड्डा खणला होता. ही तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. जागा कुठली ते मी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. आता दुसरं लेकरू चार हातांवर निजलेलं असताना मी त्याच वाळूत पुन्हा खड्डा खणायचा? शकुन-अपशकुन सारं थोतांड, असं मी वर्गात शिकवत असे. फळ्यापुढे उभं राहून बोलायला काय जातं!

मी ठोकतच राहिलो. मग एक जोराचा झोत आला. दोन्ही मेखा एकदम उपटल्या, छकडा कलला आणि मी चाकाला लोंबकळून तो कसाबसा खाली आणला. मुलगी किंचाळत होती. ही तिला घेऊन खाली उतरली. धनगराचं बोलणं तिने ऐकलं होतं.

"हिला धरा. मी खणते."

"अगं, तू बाळंतीण—"

"मागचा तुम्ही एकट्याने खणलात. हा मला खणू द्या."

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. मेख आडवी ठेवली, वर वाळू लोटली, दाबली. मग दुसरी. दोरी ताणली गेली, पण मेख हलली नाही. वाळू थापता थापता तिचे हात हळू झाले, मूल निजवताना होतात तसे. मान वर न करता तिने विचारलं, "कुठे ठेवलंत त्याला?"

मुलीला एका हाताने छातीशी धरून मी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.