सिंगापूर ते कोलंबो

नातीनं परवा फोनवर तिकीट दाखवलं. सिंगापूर ते कोलंबो, चार तास. ती दोन नावं ऐकली आणि मी थेट कोल्हापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

मी सातवीत होते. सिंगापूरला नोकरी करणारे बाबा तीन वर्षांनी परत येत होते, तेही कोलंबोपर्यंत विमानानं. पत्र आल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला, तेव्हा तिनं त्या दोन बेटांमध्ये सुईतला दोरा ताणून धरला.

"मधी कुठं जमीन न्हाय व्हय गं?"

"सुरवातीला एक बेट हाय, मग नुसतं पाणी. आठ-नऊ तास तरी लागतील."

तिनं तो दोरा बोटाभोवती गुंडाळून ठेवला.

चार दिवसांनी दुपारी तार आली. बाबा कोलंबोला सुखरूप उतरले होते. एरवी हळू बोलणारी आई भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनी दारात धावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आमचं मालक समुद्रावरनं उडत आलं की!" मग मला उचलून तिनं गरागरा फिरवलं. माझ्या पोलक्यावर पीठच पीठ झालं.

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. एवढ्या मोठ्या बाईनं असं ओरडावं? आता हिशेब करते, तर आई तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांची होती.