काकीची चिमूट

"हात पुढे कर."

काकीचं पहिलं वाक्य हेच. कशी आहेस नाही, काय करतेस नाही, थेट हात पुढे कर. गॅलरीत कोणी पायात चप्पल सरकवली, की काकी दारात हजर. डाव्या हातात साखरेचा स्टीलचा डबा, उजव्या हाताची चिमूट तयार. तळहातावर साखर पडायची आणि वर हुकूम, "तोंड गोड कर आणि जा."

परीक्षेला चाललात, साखर. मुलगी बघायला चाललात, साखर. आमच्या मजल्यावरचा एक जण बायकोशी भांडून बॅग घेऊन गावी निघाला होता, काकीनं त्यालाही अडवून साखर दिली. बायको आतून किंचाळली, "काकी, त्याला कसली देताय?" तर काकी म्हणते, "तुकाव देतंय, ये भायर." तो चिकट हात धुवायला म्हणून घरात शिरला, तो गावाला गेलाच नाही.

मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसभर दोनशे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक 'बघून येते हं' म्हणालं की घड्या घालायच्या. त्यामुळे माझ्या जिभेवर साखर-बिखर नाही, हे आमच्या काळाचौकीतल्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे. मी तिला टोकायचे, "काकी, गॅलरीभर मुंग्या झाल्यात तुमच्यामुळे."

"होऊं देत. त्यांचाव तोंड गोड होऊं दे."

आता या बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा. तुमच्याही चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये अशी एक असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं, एवढंच म्हणेन.

काकी म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. घरात मुलगा संदेश, सून प्राची आणि नात चिऊ. नवराबायको दोघं सकाळी कामाला गेली, की चिऊ काकीच्या ताब्यात. काकी तिला शाळेत सोडायची, आणायची, भरवायची. चिऊही आजीचं शेपूट. आजी साखर वाटायला निघाली की ही डबा धरून मागे.

चिऊ दुसरीतून तिसरीत गेली त्या मे महिन्यात तिला फार तहान लागायला लागली. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची. अंथरुणात शू व्हायला लागली, गालफडं बसली. आम्ही सगळ्यांनी एकच ठरवलं, उन्हाळा. कोणी म्हणालं उष्णता झाली, कोणी म्हणालं मुलं उंच व्हायला लागली की वाळतातच. काकीनं वाण्याकडून ग्लुकोज पावडरचा डबा आणला. अशक्तपणाला आपण सगळे तेच देतो की नाही? आजारी माणसाला भेटायला जातानासुद्धा नेतो. काकीनं बाटलीत ग्लुकोजचं पाणी करून ठेवलं. पोरगी मागायची, काकी द्यायची. जितकं प्यायची तितकी तहान वाढायची, आणि काकी आणखी कालवायची. वर तोंडभरून कौतुक, "बघ, कसा गटागटा पिता माझा बाय."

एका दुपारी चिऊ ओकायला लागली. माझी सुट्टी होती, मी कपडे वाळत घालत होते. काकीची हाक ऐकली आणि धावले. पोरगी अंथरुणावर पडून धापा टाकत होती. तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या केळ्यासारखा वास येत होता. गल्लीतल्या डॉक्टरांकडे उचलून नेलं. त्यांनी बोटाला सुई टोचून मशीन लावलं. मशीननं आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलं.

"हाय म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मशीनला मोजता येत नाही इतकी साखर आहे रक्तात," डॉक्टर म्हणाले. "टॅक्सी करा, परळला मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता."

टॅक्सीत चिऊ काकीच्या मांडीवर होती. मी संदेशला आणि प्राचीला फोन लावत होते. आणि काकी, डॉक्टरांचं बोलणं ऐकूनही न ऐकलेली काकी, पिशवीतून बाटली काढून पोरीच्या ओठाला लावायला बघत होती. "घोटभर घे गो बाय, बरा वाटात." चिऊनं तोंड फिरवलं. मीच बाटली काढून घेतली.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी धडाधड प्रश्न विचारले. कधीपासून तहान? कधीपासून बारीक झाली? मग विचारलं, "घरी काय काय देत होता?"

"ग्लुकोजचा पाणी," काकी म्हणाली.

"किती?"

"तिना मागल्यान तेवढा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही, लिहीत राहिल्या. त्या काही बोलल्या असत्या, एखादा शब्द टाकला असता, तर काकीला सोपं गेलं असतं असं मला वाटतं.

चिऊला आयसीयूत नेलं. मधुमेह होता, लहान मुलांना होतो तो. मला तर मुलांना मधुमेह होतो हेच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी संदेश-प्राचीला बसवून नीट समजावलं. शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, का ते सांगता येत नाही, आणि गोड खाल्ल्यानं तर हे मुळीच होत नाही. काकी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "आणि ता पाणी?"

"त्यानं साखर आणखी चढली असेल आजी. पण आजार त्यानं नाही झाला. तुम्ही काही दिलं नसतं तरी झालाच असता."

यातलं पहिलं वाक्य तेवढं काकीनं उचललं. बाकी सगळं तिथेच ठेवून आली.

ती जिन्यात जाऊन बसली. चाळीतून डबे यायचे, ती हात लावायची नाही. प्राची तिच्या शेजारी येऊन बसली तेव्हा मी तिथेच होते. प्राची म्हणाली, "आई, सकाळची पहिली बाटली मीच भरून ठेवत होते ना. मग मी पण..." काकी तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू कामावर होतंस. पोर माझ्याकडे होता." सुनेचा हात तिनं धरला, पण तोंड फिरवूनच.

चिऊ शुद्धीवर आली, हसायला लागली. काकीला आत सोडलं, तर दोन मिनिटांत सिस्टरचा आवाज चढला. आम्ही जाऊन बघतो तर काकी सलाईनच्या स्टँडसमोर हात पसरून उभी. तिनं कुणाला तरी बाटलीवरचं वाचायला लावलं होतं आणि त्यात ग्लुकोज निघालं होतं.

"ह्या तिका द्यायचा नाय! माका विचारा, मी देऊन बघलंय!"

सिस्टर बिचारी समजावत होती, साखर खाली आली की इन्सुलिनबरोबर हे द्यावंच लागतं. काकी हलेना. शेवटी चिऊ पलंगावरून म्हणाली, "आजी, बाजूला हो ना, सगळे बघतायत." वॉर्डातले लोक हसले. मीही हसले. काकी बाजूला झाली आणि पदरानं तोंड झाकून बाहेर गेली.

घरी न्यायच्या आधी सगळं शिकवलं. इंजेक्शन कसं द्यायचं, बोट कसं टोचायचं, काय खायचं. प्राची शिकली, संदेश शिकला, चिऊसुद्धा शिकली. काकी बाहेर बाकावर बसून राहिली. "माका नको. माझ्या हाताक काय लावूं नकात," म्हणाली. तिला वाटलं ती पोरीला आपल्यापासून वाचवतेय.

घरी आल्यावर तिनं साखरेचा डबा घासूनपुसून माळ्यावर टाकला. घरातली साखर, गूळ, खारकांची पिशवीसुद्धा वरच्या मजल्यावर देऊन टाकली. स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. तोंड इतकं कडू करून प्यायची की बघवत नसे. आता चप्पल घातल्याचा आवाज आला की काकी उलट आत जायची. दहावीची पोरं चाचणी परीक्षेला निघाली तर त्यांनी सवयीनं तिच्या दारात हात पुढे केले. काकी आतून म्हणाली, "जावा रे. देवाक हात जोडा नि जावा." मी चिडले. म्हटलं, "काकी, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं, तुमच्यामुळे नाही झालं."

"माका बरा वाटाचा म्हणून चांगला बोलतत गो ते," ती म्हणाली. "म्हातारीक काय सांगतले?"

गणपती जवळ आले होते. खाली पटांगणात पोरं लेझीम बसवत होती, चिऊही त्यात. एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा टाकत होते, तर गॅलरीतून चिऊचं रडणं ऐकू आलं. "आजी, साखर दे ना. दे ना गं आजी."

आणि काकीचा आवाज, "नाय म्हणजे नाय! परत साखर? परत?"

मी दारात आले. चिऊ उंबऱ्यात बसली होती. पांढरीफटक, केस घामानं कपाळाला चिकटलेले, हात थरथर कापत होते. "मला हॉस्पिटलात शिकवलंय," ती म्हणत होती, "असं झालं की साखर खायची. आजी ऐकतच नाही." काकी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी होती. तिची पोरगी वाचवायची धडपड चालली होती हो! मी प्राचीला फोन लावला. प्राची ट्रेनमधून ओरडली, "साखर द्या! आधी साखर! इन्सुलिनवर नाचली की एकदम उतरते तिची. फ्रिजच्या दारात ग्लुकोजचं पाकीट आहे."

मी काकीला बाजूला सारून फ्रिज उघडला. पाकीट नव्हतं.

"मिया टाकलंय ता," काकी म्हणाली. "मोरीत ओतलंय."

त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला, तो मला अजून विसरता येत नाही. मी घरात पळाले, माझा साखरेचा डबा घेऊन आले आणि काकीच्या पुढ्यात धरला. चिऊनं हात पुढे केला, पण हात इतका हलत होता की साखर सगळी खाली सांडली. मग काकी मटकन खाली बसली. तिनं स्वतःचा तळहात पसरला, त्यावर मी साखर ओतली, आणि चिऊनं आजीचा हात दोन्ही हातांनी तोंडाशी धरून ती साखर चाटून खाल्ली. काकी पुटपुटत राहिली. "तोंड गोड कर गो बाय. तोंड गोड कर."

थोड्या वेळानं चिऊच्या गालावर रंग आला. बोट टोचून मशीन तिचं तिनंच लावलं. "आला आकडा बरोबर," म्हणाली आणि लेझीम खालीच राहिलं म्हणून कुरकुरायला लागली.

काकी सांडलेली साखर बोटांनी गोळा करत होती. मी म्हटलं, "राहू द्या, मुंग्या खातील." तर म्हणाली, "दिलंय तेव्हाय चुकलंय, नाय दिलंय तेव्हाय चुकलंय. माझ्या हाताक कळत कसा नाय गो?"

मी तिच्या शेजारी बसले आणि साखर गोळा करायला लागले.

त्यानंतर मात्र ती हॉस्पिटलात आत जाऊन बसली. पुन्हा पुन्हा विचारून शिकली. कंबरेच्या बटव्यात साखरेची पुडी ठेवायला लागली, ती फक्त चिऊसाठी. माळ्यावरचा डबा मात्र खाली आला नाही, आणि स्वतःच्या चहात तिनं साखर घातली नाही. चिऊ मोठी होत गेली, लेझमात पुढे नाचायला लागली, स्वतःचं इंजेक्शन गप्पा मारता मारता घ्यायला लागली. मी म्हणायचे, "काकी, पोरगी घोड्यासारखी धावतेय, आता तरी एक चमचा घाला." ती म्हणायची, "तिका चालता गो. माका नको."

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस काकी झोपेतच गेली. त्रास नाही, हाल नाहीत.

तेराव्याला घरात गोड केलं. आपल्यात सुतक संपलं की तोंड गोड करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. काकीच्या फोटोसमोर पान मांडलं आणि शेजारी चहाचा कप ठेवला. प्राचीनं तो बिनसाखरेचाच केला होता. "आई असाच प्यायच्या," ती म्हणाली.

चिऊ आता आठवीत आहे. तिनं स्टूल ओढलं, माळ्यावर चढली आणि तो स्टीलचा डबा काढून आणला. माझ्याकडे आली. "मावशी, साखर द्या." मी डबा भरून दिला. तिनं फोटोसमोर बसून कपात साखर घातली, चमच्यानं ढवळली, चांगली वेळ घेऊन ढवळली.

"घे आता, आजी," ती म्हणाली. "मी बरी आहे."

मग डबा घेऊन ती गॅलरीत आली. तिथे आम्ही सगळे उभे होतो. समोर येऊन उभी राहिली, चिमूट तयार, अगदी तशीच.

"हात पुढे करा."